सात इंची रीळ, सव्वीस मिनिटं

घरगुती सिनेमाचं जुनं रीळ कोणी आणलं की मी आधी फूटपट्टी काढतो. चंद्रपुरातल्या माझ्या फोटो स्टुडिओत ही रिळं येतात ती बहुतेक वनखात्यात, पेपर मिलमध्ये नाहीतर कोळसा खाणीत नोकरी केलेल्यांच्या घरून. डब्यावर ‘ताडोबा’ किंवा ‘महाकाली यात्रा’ एवढंच लिहिलेलं. ‘आलापल्ली, जि. चंद्रपूर’ असं असेल तर बहुधा ते रीळ 26 ऑगस्ट 1982 च्या आधीचं, कारण त्या दिवशी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आणणाऱ्याला एकच विचारायचं असतं : यात किती वेळाचं आहे? प्रोजेक्टर न लावता ते सांगता येतं.

तीन इंची रिळावर पन्नास फूट फीत बसते, पाच इंचीवर दोनशे, सात इंचीवर चारशे. रीळ अर्धवट भरलेलं दिसलं तर अर्धा वेळ धरू नका. बाहेरचे वेढे लांब असतात, त्यामुळे आतल्या भागात वाटते त्याहून कमी फीत असते.

मग भिंग घ्यायचं. भोकं मोठी आणि दोन चित्रांमधल्या रेषेवर असतील तर ती 1932 साली आलेली साधी आठ एमएम. भोकं बारीक आणि चित्राच्या मध्यावर असतील तर 1965 ची सुपर एट. रुंदी सारखीच, पण सुपर एटचं चित्र मोठं, म्हणून फुटाला 72 चित्रं. साध्या आठात 80. सुपर एट सहसा सेकंदाला 18 चित्रांनी चाले, पन्नास फूट तीन मिनिटं वीस सेकंदांत संपे. साधी आठ 16 च्या वेगाने चार मिनिटं दहा सेकंद पुरे. सुपर एटची आठ छोटी रिळं जोडून सात इंचीवर चढवली की सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद होतात.

एवढ्याशा वेळात माणसं किती जपून चित्रण करत, ते पाहण्यासारखं आहे. ताडोबाच्या एका रिळात मुलं आहेत, तलावावर सांबर पाणी पितंय. ते मान वर करतं आणि सगळं चित्र नारिंगी-पांढऱ्या उजेडात बुडतं. पुढच्या क्षणी तीच मुलं, पण अंगात स्वेटर. उन्हाळ्यातून एकदम हिवाळा! साध्या आठात मुळात सोळा एमएम रुंदीची पंचवीस फूट फीत असे. एक बाजू संपली की कॅमेरा उघडून रीळ उलटवायचं, दुसरी बाजू भरायची. लॅबमध्ये फीत उभी चिरून दोन्ही भाग जोडत. उलटवताना शिरलेला उजेड म्हणून बरोबर मध्यावर, दोन मिनिटं उलटल्यावर दिसतो. तो खराब भाग समजून कापून टाकू नका. एका रिळात दोन ऋतू कसे आले, याचा तोच पुरावा आहे.

आमच्याकडचा उन्हाळा मात्र या फितींचा वैरी. चंद्रपुरात पारा 47 च्या वर जातो आणि डबे असतात पत्र्याखालच्या माळ्यावर. ॲसिटेटची फीत उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने कुजते, व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, फीत आक्रसते. मग भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत. हौसेने जुना प्रोजेक्टर लावाल तर आजोबांचा एकमेव हलता चेहरा डोळ्यांदेखत फाटेल. कृपा करून लावू नका. डबे खालच्या गार, कोरड्या खोलीत आणा, वासाचे वेगळे ठेवा आणि तेच आधी डिजिटल करायला द्या.

देताना चिठ्ठीवर प्रकार, फूट आणि वेग लिहा. 16 चित्रांचं चित्रण 25 च्या वेगाने उतरवलं तर चार मिनिटं दहा सेकंदांची यात्रा दोन मिनिटं चाळीस सेकंदांत आटोपते, बाया देवीच्या रांगेत धावताना दिसतात. फाईल इतकी आखूड निघाली तर पैसे देण्याआधी वेग दुरुस्त करून मागा.