एका ए-फोर कागदावर उभी मुंबई

सकाळचे सव्वाआठ. डोंबिवलीचा फलाट. इंडिकेटरवर सीएसएमटी फास्ट, दोन मिनिटं. बॅग पाठीवरून पोटावर आली, मोबाइल आतल्या खिशात गेला, पायांनी आपापली जागा धरली. गाडी फलाटाला लागते आणि पुरती थांबायच्या आत माझ्या पुढचे चौघे डब्यात पोचलेले असतात. थांबते तेव्हा मीही आत असतो. मी चढलो असं म्हणणं खोटेपणा होईल, मला चढवलं जातं. वीस सेकंद, फार तर तीस. भोंगा. गाडी सुटली.

या एवढ्याशा वेळात, या एका गाडीच्या पोटात, किती माणसं असतील? एके दिवशी हा प्रश्न डोक्यात शिरला आणि मग आकड्यांनी माझा पिच्छाच सोडला नाही. चला, तुम्हीही या. धरायला कडी मिळाली नाही तरी घाबरू नका. पडाल कुठे? पडायला जागा लागते!

बारा डब्यांची एक लोकल. लांबी जेमतेम अडीचशे मीटर. बसायला जागा हजार-बाराशेंना. आणि ऐन गर्दीच्या वेळी आत माणसं किती? साडेचार ते पाच हजार. पाच हजार! आपल्या लाल परीत ४४ आसनं धरा. या एका लोकलमधली माणसं बसवायला ११४ एसट्या लागतील. एकीच्या मागे दुसरी चिकटवून उभ्या केल्यात तर रांग सव्वा किलोमीटरची. वजनाचं बघा. माणशी साठ किलो धरले तर ३०० टन, म्हणजे पन्नास किलोची साखरेची ६,००० पोती. ती हमालांकडून भरून घ्यायची तर दिवस मावळेल. इथे पोती स्वतःच्या पायांनी येतात, स्वतःच स्वतःला रचतात आणि वर 'पुढे चला, पुढे चला' म्हणून दुसऱ्या पोत्यांना सरकवतातही.

रेल्वेच्या कागदपत्रांत या अवस्थेला भारदस्त नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. आपण नुसतं 'मरणाची गर्दी' म्हणतो. या नावाचा अर्थ असा की उभं राहायच्या एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. नुसतं ऐकून काही कळत नाही ना? मलाही कळलं नव्हतं. मग कागद घेतला. ए-मालिकेतला सर्वांत मोठा, ए-झीरो मापाचा कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो. तो अर्धा करा, पुन्हा अर्धा, पुन्हा, पुन्हा. चार वेळा अर्धा केलात की सोळा तुकडे होतात आणि हातात उरतो ए-फोर, झेरॉक्सच्या दुकानातला रोजचा कागद. म्हणजे लोकलमध्ये आपल्या वाट्याला येतो एक ए-फोर कागद! त्यावर आपले दोन पाय, बॅग, डबा, छत्री, आणि कानात गाणी. लेडीज डब्यात याच मापाच्या जागेवर मटार सोलले जातात, भाजी निवडली जाते, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापून सगळ्या डब्यात वाटलाही जातो.

जागेचा विषय निघालाच आहे तर भावही काढू. मुंबईतला माणूस दुसरं काय करणार? चौरस फुटाला तीस हजार धरा. ए-फोरचं क्षेत्रफळ भरतं दोन-तृतीयांश चौरस फूट. म्हणजे आपण उभे असतो ती जमीन वीस हजारांची. ही वीस हजारांची जमीन विरारपासून चर्चगेटपर्यंत ६० किलोमीटर धावत नेऊन पोचवायचे रेल्वे घेते किती? सेकंड क्लासचे १५ रुपये. किलोमीटरला चार आणे! चार आण्याचं नाणं २०११ साली बंद झालं, पण भाव अजून तोच. रिक्षाने याच अंतराचे हजाराच्या वर होतील, शिवाय ती तुम्हाला वांद्र्याला उतरवून देईल, कारण त्यापुढे रिक्षाला मज्जाव. या चार आण्यांच्या दराने चंद्रावर जायचं म्हटलं, ३ लाख ८४ हजार किलोमीटर, तर एकेरी तिकीट ९६ हजार रुपये. लाखाच्या आत चंद्र! चौथी सीट मिळेल याची मात्र हमी नाही.

आता जरा मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे निवडक पाहुणे, तोफांची सलामी, ३४ किलोमीटर. आजच्या पाच हजारांना बारा डब्यांनी भागा, येतात चारशे सोळा. म्हणजे ती अख्खी ऐतिहासिक गाडी, सरदार-साहेबांसकट, आजच्या एका डब्यात मावते! वर सोळा जण दारात लटकायला. आणि आज एका दिवसात लोकल जेवढे प्रवासी नेते, तेवढे त्या पहिल्या गाडीने रोज एक फेरी करून न्यायचे तर एक्कावन्न वर्षं लागली असती. १८५३ ला सुरुवात करून विसाव्या शतकात कधीतरी संपलं असतं आपलं सोमवारचं काम.

कारण दिवसाचा आकडा आहे ७५ लाखांच्या आसपास. मध्य, पश्चिम, हार्बर, ट्रान्सहार्बर, सगळं मिळून.

पंचाहत्तर लाख! हा आकडा असा एका घोटात उतरत नाही, चघळून खाऊ. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. म्हणजे रोज पाच गोवे लोकलने कामाला जाऊन येतात. आपली एसटी गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत अख्ख्या राज्यात दिवसाला पन्नास-पंचावन्न लाख प्रवासी नेते. एक शहर आणि त्याची उपनगरं तिच्याही पुढे! महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. पंचाहत्तर लाखांना पंधराने गुणा. ११ कोटी २५ लाख! पंधरवड्यात अख्खा महाराष्ट्र लोकलमध्ये चढून उतरला, आणि लाखभर पाहुणेही आले.

(इथे एक कबुली. मोजले जातात ते प्रवास, डोकी नव्हेत. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परतला की दुसऱ्यांदा मोजला जातो. पण संध्याकाळी तो इतका पिळून निघालेला असतो की वेगळा माणूस धरायला हरकत नसावी.)

या सगळ्यांना रांगेत उभं करू. मुंबईकर बससाठी रांग लावतो, लोकलसाठी लावत नाही, तरी क्षणभर धरून चालू. माणशी अर्धा मीटर. रांग झाली ३,७५० किलोमीटर. रेल्वेने मुंबई-पुणे १९२ किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे साडेएकोणीस वेळा. एवढ्याने भागत नसेल तर हिमसागर एक्स्प्रेस आठवा. कन्याकुमारीहून निघून वैष्णोदेवीच्या कटऱ्याला जाणारी, वाटेत तीन दिवस खाणारी गाडी. तिच्या जवळजवळ संपूर्ण मार्गावर, रुळालगत, एकाला एक खेटून उभी माणसं. आणि ही फक्त आजची. उद्याची रांग वेगळी लागेल.

प्रत्येकाच्या बॅगेत पाण्याची एक लिटरची बाटली असेल असं समजा. आपल्याकडची शेतातली मोठी विहीर तीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल धरली, तर तुडुंब भरल्यावर तिच्यात आठ लाख लिटर पाणी. म्हणजे रोज नऊ विहिरी लोकलने कर्जत-कसारा-विरारहून दक्षिण मुंबईकडे सरकतात, आणि दुपारपर्यंत पिऊन संपतात.

गाड्यांकडे वळू. दिवसाला फेऱ्या ३,२०० च्या घरात. मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास सोडले तर उरतात एकवीस तास. भागाकार करा, चोवीस सेकंद! तुम्ही हे वाक्य वाचून चहाचा घोट घेईपर्यंत कुठून तरी एक लोकल सुटलीसुद्धा. फेरीमागे चाळीस किलोमीटर धरले तर दिवसाची धाव १ लाख २८ हजार किलोमीटर. पृथ्वीला तीन फेऱ्या मारून वर थोडं उरतं. तीन दिवसांत चंद्र गाठला. तोच, मघाचा, ९६ हजारांचा.

आणि हे सगळं किती रुंदीच्या पट्टीवर? मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे आठवा, दोन्ही बाजूंच्या मिळून सहा मार्गिका. प्रत्येकीवरून तासाला दोन हजार मोटारी सोडा आणि उदार होऊन प्रत्येक मोटारीत चार माणसं बसवा. सहा मार्गिकांवरून तासाला ४८ हजार माणसं. आता लोकलचा एक रूळमार्ग घ्या, एकच. चार मिनिटांना एक गाडी, गाडीत साडेचार हजार. तासाला साडेसदुसष्ट हजार! दोन लोखंडी पट्ट्या अख्ख्या एक्स्प्रेस-वेला खिशात घालून जातात, तेही खंडाळ्याच्या घाटात न अडकता.

आकड्यांच्या या जत्रेत एक कोपरा असा आहे की तिथे माझी जीभ अडखळते. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून, लोकलच्या मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जातात. हिशेब केला. दर आठवड्याला एक भरलेली एसटी. घाटात एखादी एसटी कोसळली तर चार दिवस वर्तमानपत्रांचं पहिलं पान भरतं. ही एसटी बावन्न आठवडे कोसळते आणि चौथ्या पानावर, तळाशी, एकेका माणसाने येते.

गाडी ठाण्याला आली आणि मला चौथी सीट मिळाली. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, बाक तिघांचा असतो. चौथा येतो, काही न बोलता बोटाने खूण करतो, तिघे सुस्कारा टाकून सरकतात आणि त्याला कडेची वीतभर फळी मिळते. एक मांडी टेकलेली, दुसरी हवेत. मुंबईत याला बसणं म्हणतात. तर असा बसून मी पुढचे गुणाकार केले.

रोज ७५ लाख. वर्षाला २७० कोटींच्या पुढे, रविवारची थोडी सूट दिली तरी. म्हणजे भारताची लोकसंख्या जवळजवळ दोनदा. आणि तीन वर्षांत? आठशे कोटी! पृथ्वीवर आज जेवढी माणसं आहेत ती सगळी, न्यूयॉर्कची, टोकियोची, सहारातली, सगळी, एकेकदा लोकलमध्ये चढून गेली! त्यांतल्या निम्म्यांना दादरला उतरायचं होतं आणि उतरता आलं नाही ते वेगळं.

मग वेळ मोजला, आणि तिथे मात्र पेन थांबलं. प्रत्येकाचा प्रवास सरासरी एक तासाचा समजू. ७५ लाख तास. वर्षात तास ८,७६०. भागाकार आला ८५६ वर्षं. एका दिवसात! सोमवारी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत लोकलच्या डब्यांत मिळून साडेआठशे वर्षं जातात. तेवढं मागे गेलात तर ज्ञानेश्वरांच्या जन्माच्याही शंभरेक वर्षं आधी पोचाल. मंगळवारी पुन्हा तेवढीच. आणि ज्या दिवशी सगळ्या गाड्या फक्त पाच मिनिटं लेट असतात, 'पाचच मिनिटं' म्हणून कुणी तक्रारही करत नाही, त्या दिवशी? ७५ लाख गुणिले पाच. पावणेचार कोटी मिनिटं. एक्काहत्तर वर्षं! बारसं, शाळा, लग्न, नोकरी, पेन्शन, नातवंडं, सगळं धरून एक अख्खं आयुष्य, सिग्नलला उभं.

हा सगळा पसारा मी लिहीत होतो एका कागदाच्या कोऱ्या पाठीवर. ए-फोरच्याच. चार घड्या घातलेल्या, कारण पुरता उलगडला असता तर शेजाऱ्याच्या नाकावर गेला असता. एक्काहत्तरखाली रेघ ओढली तोच डोक्यावरून आवाज आला,

"काका, कुठे उतरणार?"

"दादर."

"मग ही सीट माझी हां. सांगून ठेवतो."

त्याच्या खांद्यामागून, चेहरा न दिसणारं कुणीतरी लगेच म्हणालं, "आणि यांच्यानंतर मी."