तव्यावरची चिलापी

भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत महामार्गावर गाडी थांबवायची ती उजनी धरणातल्या माशांसाठी. तव्यावर चिलापी पडली की चर्र आवाज होतो. तो आवाज पळणाऱ्या पाण्याचा. ओल आहे तोवर कातडी 100 अंशांवरच अडकते. ओल आटून तापमान 140च्या आसपास गेलं, की अमिनो आम्लं आणि शर्करा यांची गट्टी जमते आणि तांबूस, खमंग पापुद्रा धरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी 1912मध्ये ही क्रिया मांडली. बड्या हॉटेलातलं महागडं स्टेक याच जोरावर भाव खातं! माशाचे स्नायूतंतू मात्र आखूड, त्यांना बांधणारं कोलॅजन थोडक्या आचेवर विरघळतं. त्यामुळे मासा मिनिटांत होतो, आणि जरा दुर्लक्ष झालं की कोरडा पडतो. रश्श्यात मासा तांबूस होत नाही; तिथला खमंगपणा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा.