खुर्ची उलटी करून पाहा

जुनी सागवानी खुर्ची पारखायची तर तिच्यावर बसू नये, ती उलटी करावी. बैठकीच्या खालच्या अंगाला सुताराने काही लपवलेलं नसतं. रंध्याचे ओरखडे, पेन्सिलीच्या खुणा, भोकांतून ओवलेल्या वेताच्या गाठी आणि नंतर कुणीतरी घाईघाईने ठोकलेले खिळे, सगळं तिथे उघड असतं. १९५० ते १९७० च्या दरम्यान मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांत, वाचनालयांत, वकिलांच्या ऑफिसांत आलेल्या खुर्च्या बऱ्याचदा अशाच असत. सागाची चौकट, वेताची जाळी आणि कोपर टेकण्यापुरती हाताची पट्टी. आज त्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर ‘व्हिंटेज’ म्हणून भाव खातात, आणि कितीतरी घरांच्या माळ्यावर पाय लटपटत पडून असतात. त्यातली एखादी खाली काढून घरीच नीट करणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. याचं श्रेय दुरुस्त करणाऱ्यापेक्षा मूळ सुताराला जास्त जातं, कारण पुन्हा सोडवता येईल अशाच रीतीने त्याने ती जोडलेली असते.

या घराण्यातली जगप्रसिद्ध खुर्ची चंडीगढची. वास्तुकार ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ मध्ये तिथे आला आणि १९६५ पर्यंत राहिला. नव्या राजधानीच्या सचिवालयाला, हायकोर्टाला, विद्यापीठाला हजारोंनी फर्निचर हवं होतं. जानरे, यूली चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक कारागिरांना जमेल असंच ते आखलं: साग, वेत आणि उलट्या ‘व्ही’च्या आकाराचे पाय. पुढे सरकारी खात्यांनी त्या खुर्च्या भंगारात काढल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी लिलावात स्वस्तात उचलल्या आणि पॅरिस-न्यूयॉर्कला लाखोंना विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली, तोवर पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता. यातली गंमत अशी की कारकुनाने खुर्चीच्या पाठीवर रंगाने घातलेला खात्याचा नंबर हाच आता अस्सलपणाचा पुरावा मानला जातो. हौसेने पॉलिशपेपर मारून तो घालवला, तर पुरावाही गेला आणि किंमतही.

आपल्या माळ्यावरच्या खुर्चीला असा वंशवृक्ष नसतो. पण तिचा सांधा त्याच जातीचा असतो आणि काम तिथूनच सुरू होतं. चांगला सुतार चौकटीला खिळा लावत नसे. एका तुकड्याचं कुसू दुसऱ्याच्या भोकात ठोकून बसवायचं, मध्ये सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवायचा आणि गार व्हायच्या आत लावायचा. वास घाणेरडा, काम कटकटीचं. १९५९ मध्ये मुंबईच्या बळवंत पारेख यांनी फेव्हिकॉल आणलं, तेव्हा सुतारांनी ते उचललं याचं मोठं कारण हा सरस शिजवण्याचा वैताग. त्यामुळे सांध्याच्या कोपऱ्यावरून खुर्चीच्या वयाचा अदमास येतो. ठिसूळ तपकिरी कण दिसले तर सरस, चिवट पांढुरके पापुद्रे दिसले तर फेव्हिकॉल. मधल्या एखाद्या डागडुजीने चकवा मात्र बसू शकतो.

दोन्हीत फरक आहे तो उलगडण्याचा. ऊब आणि ओल मिळाली की पन्नास वर्षांचा सरसही पुन्हा मऊ होतो. पिचकारीने सांध्यात थोडं व्हिनेगर घातलेलं गरम पाणी सोडावं, थांबावं, पुन्हा सोडावं, मग मध्ये लाकडाचा ठोकळा धरून लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यावेत. सांधा सुटला नाही तर जोर वाढवण्याऐवजी वेळ वाढवावा. (एकेकाळी वेताच्या भोकांत ढेकूण व्हायचे आणि घराघरांत खुर्च्यांवर उकळतं पाणी ओतलं जायचं. ढेकूण मरत असतीलही, पण कितीतरी चौकटी त्या आंघोळीनेच खिळखिळ्या झाल्या असणार.) सोडवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर कागदी टेपने खूण करावी. हाताने केलेल्या खुर्चीत डावा पाय उजव्या भोकात बसेलच असं नाही.

सांधे मुळात ढिले का होतात, याचं उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं. जून-जुलैत कुसू फुगतं, पण भोकात वाढायला जागा नसते, म्हणून त्याचे तंतू चेपले जातात. हिवाळ्यात वाळलं की ते आधीपेक्षा बारीक होतं आणि खुर्ची कुरकुरायला लागते. असे बरेच पावसाळे झाले की नुसता डिंक पुरत नाही. मग कुसवाभोवती रंध्याने काढलेलं सागाचंच पातळ सालपट गुंडाळून चिकटवावं आणि पटाशीने भोकाच्या मापाला आणावं. आगपेटीची काडी खुपसण्याचा घरगुती उपाय करू नये, ती एका बाजूला दाब देते आणि भोक चिरतं. खिळा त्याहून वाईट. ओल आली की त्याच्याभोवती लाकूड काळं पडतं आणि पुढच्या माणसाला सांधा न फोडता उघडता येत नाही.

जोडताना जुना सरस गरम पाण्याने पुसला तरी चालतो, कारण नवा गरम सरस जुन्या थरात मिसळतो. फेव्हिकॉल वापरायचं तर मात्र सांधा कोऱ्या लाकडापर्यंत खरवडावा लागतो, वाळलेल्या थरावर नवा थर धरत नाही. माझा कौल सरसाला आहे. तो न मिळाला तर फेव्हिकॉलने खुर्ची मोडत नाही, पण पुढची दुरुस्ती अवघड होते. क्लॅम्प नसतील तर चौकटीभोवती दोरी बांधून तिच्यात काठी घालावी आणि पीळ देत जावा, दाब भरपूर येतो. खुर्ची सपाट ओट्यावर उभी करून दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले नाहीत तर डिंक ओला आहे तोवरच सावरून घ्यावं.

पॉलिशबाबत लोक उगाच धाडसी होतात. आधी कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा एक थेंब टाकावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर एक बारीक कीटक बनवतो. स्पिरिटमध्ये ती विरघळते आणि वाळल्यावरही स्पिरिट लागताच पुन्हा विरघळते, त्यामुळे जुनं पॉलिश खरवडून काढावं लागतच नाही. टर्पेंटाइनने आणि बारीक स्टीलवूलने मळ काढला, कापडाच्या पुरचुंडीत कापूस घालून चपड्याचे पातळ हात दिले की नवा थर जुन्यात मिळून जातो. भर पावसाळ्यात हे करू नये, हवेतल्या दमटपणामुळे पॉलिशवर पांढुरकी झाक येते. दिवाळीच्या आगेमागे उत्तम. गरम कपाचा डाग पडतो ही चपड्याची खोट खरी, पण तेवढाच डाग काढताही येतो. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनच्या थराला स्पिरिट लागत नाही, आणि तो एका जागी खरचटला तर आसपासचाही घासून काढावा लागतो.

खुर्चीवर जुना ऑइलपेंट असेल तर मात्र कोरडा पॉलिशपेपर घेऊ नये. जुन्या रंगांत शिसं असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आणली आणि ती २०१७ मध्ये लागू झाली. आणि पॉलिशऐवजी जवसाचं तेल लावायचं ठरवलं, तर त्याने भिजलेल्या चिंध्या कधीही चुरगळून डब्यात टाकू नयेत. तेल वाळताना तापतं, ढीग असेल तर आपोआप पेट घेतो. त्या दोरीवर मोकळ्या वाळू द्याव्यात.

राहता राहिला वेत. झोळ पडलेली जाळी दर वेळी बदलायला हवी असं नाही. वेताची वरची बाजू चकचकीत असते, तिच्यात पाणी मुरत नाही. म्हणून खुर्ची उलटी करून खालून गरम पाण्याचं ओलं फडकं ठेवावं आणि मग सावलीत वाळू द्यावं, बऱ्याचदा जाळी पुन्हा ताणली जाते. पट्ट्या तुटल्या असतील तर विणणंच आलं. पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या, मग क्रमाने एक उभी फेरी, तिच्यावर एक आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी पण विणत नेलेली, मग दोन तिरप्या आणि शेवटी कडेची पट्टी. तिरप्या फेऱ्या पडल्या की चौकोनांचे अष्टकोन होतात, आणि तिथे चुकलेली पट्टी लगेच डोळ्यांत भरते. पहिल्या चार फेऱ्यांतली चूक मात्र तोवर लपून राहू शकते. भोकात पट्टी अडकवून ठेवायला लाकडी खुंट्या लागतात, घट्ट ओढायची गरज नसते. वाळताना वेत स्वतःच आवळतो. ओढून विणला तर तुटतो.

हे काम बोटांच्या अंदाजावर चालतं. आपल्याकडे अंधशाळांतून खुर्च्या विणायचं शिक्षण पूर्वापार दिलं जात होतं आणि सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या विणणाऱ्याची जागा दृष्टिहीनांसाठी राखून ठेवण्याची पद्धत होती. प्लॅस्टिकच्या आणि लोखंडी खुर्च्या आल्यावर ती कामंच आटली. हाताने विणून देणारा आता शोधावा लागतो.

तो सापडला नाही की दुकानदार यंत्रावर विणलेली तयार जाळी सुचवतो. ती बसवायला चौकटीत सलग खाच लागते, तिच्यात जाळीची कड दाबून वर वेताची दांडी ठोकतात. मूळ चौकटीत खाच असेल तर हरकत नाही. पण भोकांच्या चौकटीत भोकांच्या रांगेवरूनच खाच पाडली, की आधीच पोखरलेली पट्टी आणखी पातळ होते आणि ती खुर्ची पुन्हा हाताने विणता येत नाही. सुताराने खाच पाडायचं यंत्र, म्हणजे राउटर, काढलं तर चौकट उचलून घरी न्यावी आणि पट्ट्या भिजत घालाव्यात.