येलदरी कॅम्प : कामापुरतं वसलं, कायमचं राहिलं

जिंतूरहून सेनगावकडे जाणारा रस्ता पूर्णेच्या काठाशी येतो तिथे येलदरी. नदीपलीकडे हिंगोली जिल्हा. १९९९ पर्यंत तोही परभणीतच होता. एसटीत तिकीट मागणारा पुष्कळदा नुसतं येलदरी म्हणत नाही, ‘येलदरी कॅम्प’ म्हणतो. धरणाच्या कामासाठी वसलेली ही वसाहत. कॅम्प म्हणजे कामापुरता मुक्काम. धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं, पण नाव काही उठलं नाही. या वस्तीची सगळी जन्मकथा मला त्या एका शब्दात सापडते.

ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळणारी. विदर्भातून तापीकडे जाणारी पूर्णा वेगळी. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि त्यानंतरच्या वर्षांत इथे मातीचा बांध उभा राहू लागला. उंची सुमारे ५१ मीटर, लांबी चार किलोमीटरहून जास्त. एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यातला १२४ हून अधिक मृतसाठा. दुष्काळात पाणी त्या आकड्याकडे सरकू लागलं की परभणी, हिंगोलीपर्यंत सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो.

या धरणाची रीत समजून घेण्यासारखी आहे. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांना फिरवून पाणी पुन्हा नदीत उतरतं, खाली सिद्धेश्वर धरणात अडवलं जातं आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात जातं. येलदरी साठवते, सिद्धेश्वर वाटतं. म्हणून वसमतचा हळद-केळीवाला शेतकरी पावसाळ्यात आपल्या शिवाराइतकंच येलदरीच्या पातळीकडे लक्ष ठेवतो.

धरणाची उंची, लांबी, साठा सरकारी कागदात नीट नोंदलेला आहे. माती वाहणाऱ्या बायाबापड्यांचे दिवस, जलाशयाखाली गेलेली शेतं आणि गावठाणं मात्र माणसांच्या आठवणीतच जास्त आहेत. हे मला फार मोठं नुकसान वाटतं. काम संपलं तेव्हा अठरा वर्षांचा असलेला मजूर आज पंचाहत्तरीपलीकडे आहे. तुमच्या घरात, गावात असं कुणी असेल, तर यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या.