विश्लेषण : गोदावरीच्या वाळवंटातून बालाघाटाच्या रानात… बीडमधल्या कच्च्या वाटांवर गाडी नेण्याआधी काय समजून घ्यावे?

चारचाकी ‘फोर बाय फोर’ गाड्या वाढल्या, तशी डांबर सोडून कच्च्या वाटेने फिरण्याची हौसही वाढली. पुण्या-मुंबईकडची मंडळी त्यासाठी राजस्थान किंवा लडाख गाठतात. बीड जिल्ह्यात मात्र एका दिवसात नदीची वाळू, काळे रान, मुरमाड माळ, घाट आणि डोंगरातले जंगल असा सगळा प्रवास होतो. तो सुंदर आहे, पण मोकळा नाही. या वाटेवर शेतकऱ्याचे बांध आहेत, पाणलोटाचे चर आहेत आणि मोरांचे अभयारण्यही आहे.

बीडमध्ये वाळवंट कुठले?

मराठीत वाळवंट म्हणजे केवळ थरचे वाळवंट नव्हे. नदीकाठच्या वाळूलाही आपण वाळवंटच म्हणतो. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या काठचा गेवराई-माजलगावचा पट्टा गंगथडी म्हणून ओळखला जातो. प्रवासाची सुरुवात राक्षसभुवनहून करता येते. शनीचे हे प्रसिद्ध स्थान गेवराई तालुक्यात आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, तो याच परिसरात. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला.

नदीपात्रात गाडी उतरवण्याचा मोह मात्र इथेच आवरावा. राक्षसभुवन पैठणच्या खालच्या अंगाला आहे. जायकवाडीचे दरवाजे उघडले की इथले पाणी वाढते, आणि त्यासाठी इथे पाऊस पडावाच लागतो असे नाही. २०२५च्या सप्टेंबरअखेर तर गोदाकाठच्या गावांतून लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले होते. दुसरा धोका वाळू उपशाचा. पात्रात पडलेले खोल खड्डे पाण्याखाली किंवा भुसभुशीत वाळूखाली लपलेले असतात. गावातली पोहणारी माणसेही त्यांना भितात, मग दोन टनांच्या गाडीची काय कथा. काठावरची गाडीवाट पुरेशी वालुकामय आहे, हौस तिथे भागते.

चढ कुठे सुरू होतो?

राक्षसभुवन ते गेवराई, तिथून बीड, मांजरसुंबा, पाटोदा आणि शेवटी सौताडा. डांबरी रस्त्याने हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. कच्च्या वाटांनी वळसे घेत गेले तर दिवस पुरतो, पण जेमतेम. गोदाकाठ समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर उंचीवर आहे. बालाघाटाचा माथा काही ठिकाणी सातशेच्या पुढे जातो.

बीड सोडून सोलापूरच्या दिशेने निघाले की निजामशाहीत बांधलेली खजाना विहीर लागते. १५७२च्या सुमाराची ही विहीर आजही पाणी राखून आहे. पुढे बिंदुसरेचा तलाव आणि मग मांजरसुंब्याचा घाट. खालच्या आणि वरच्या बीडमधली सीमा हीच. जिल्ह्यातली जुनी माणसे ‘खाली’ म्हणजे गंगथडी आणि ‘वर’ म्हणजे बालाघाट असेच बोलतात. घाटाजवळच आडबाजूला कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे लिंगायत समाजाचे हे मोठे तीर्थक्षेत्र, आणि पावसाळ्यात इथला धबधबाही सुरू असतो. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत या बाजूला गाडी घालू नये. तेव्हा रस्ता पायी येणाऱ्या दिंड्यांचा असतो.

काळी माती आणि मुरूम यांत एवढा काय फरक?

सगळा खेळ याच फरकाचा आहे. बीडखाली लाव्हारसाच्या थरांचा काळा पाषाण आहे. तो झिजून बनलेली बारीक माती हजारो वर्षे वाहत खोऱ्यात साचली, तीच काळी कसदार जमीन. माथ्यावर राहिला तो दगड आणि मुरूम. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत गच्च भरते, चाक गुळगुळीत होते आणि चारही चाके फिरत असूनही गाडी आडवी सरकते. कापूस आणि उसासाठी जे वरदान, तेच गाडीसाठी संकट.

त्यामुळे एक उफराटी गोष्ट घडते. नवख्याला वाटते की सपाट रान सोपे आणि डोंगर अवघड. पावसानंतर मात्र नेमके उलटे असते. माथ्यावरच्या मुरमातून पाणी निथळून जाते आणि वाट लवकर चालती होते. खालच्या काळ्या रानातली पाणंद त्यानंतर कितीतरी दिवस ट्रॅक्टरलाही दाद देत नाही. बीडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात शाळकरी पोरे चप्पल हातात घेऊन याच पाणंदीतून जातात.

वाळूत याच्या उलट युक्ती लागते. टायरमधली हवा नेहमी ३२ ते ३५ पीएसआय असेल तर ती १८-२० पर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर वेगात टायर तापून फुटू शकतो. टोकदार दगडांच्या वाटेवर एवढी हवा काढली तर टायरची बगल फाटते. घाट उतरताना ‘फोर लो’ किंवा पहिला गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरावी. सतत ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापून निकामी होतात.

नकाशावर दिसते ती वाट कुणाची?

मोबाइलच्या नकाशावर एक पांढरी रेघ दिसते आणि लोक तिच्यामागे निघतात. ती रेघ सरकारी रस्ता आहे की कुणाच्या शेतातली वहिवाट, हे मोबाइल सांगत नाही. गावचा नकाशा सांगतो. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी, तर पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. बांधावरून जाणारी वाट यांपैकी कशातच नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार शेतकऱ्याला बांधावरून रस्ता देऊ शकतात, पण तो त्याच्या स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. रविवारी फिरायला आलेल्या पाहुण्यासाठी नव्हे.

बांधाच्या रस्त्यावरून भाऊबंदकीचे खटले वर्षानुवर्षे चालणारा हा मुलूख आहे. बाहेरची गाडी बांध मोडून गेली तर राग का येतो, ते समजायला यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही. ‘मामा, ही वाट कुठं निघती?’ असे कुणाला विचारले तर उत्तर नकाशापेक्षा भरवशाचे मिळते. बहुतेक वेळा सोबत चहाही.

माथ्यावर पवनचक्क्यांसाठी केलेले मुरमाचे रुंद रस्ते आहेत. गाडीवाल्यांना तेच सर्वात जास्त आवडतात, कारण चढ बेताचा आणि दृश्य चौफेर. हे रस्ते देखभालीसाठी आहेत. तिथल्या सुरक्षारक्षकाने अडवले तर वाद घालण्यात अर्थ नाही.

मयूर अभयारण्यात गाडी नेता येते का?

पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटरचे आहे. १९९४मध्ये ते जाहीर झाले. मोर हा राष्ट्रीय पक्षी आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीतला. या कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. ती परवानगी कलम २८ खाली वन विभागाकडून मिळते. परवानगी मिळाली तरी गाडी ठरलेल्या रस्त्यावरच ठेवावी लागते. राखीव वनात विनापरवाना घुसणे किंवा आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली वेगळा गुन्हा.

हा नियम कोरडा वाटेल, पण त्यामागचे कारण साधे आहे. लांडोर झाडावर घरटे बांधत नाही. पावसाळ्यात, झुडपाच्या आडोशाला, जमिनीवरच खळगे करून ती अंडी घालते. हिरवा डोंगर पाहायला गाड्यांची गर्दी होते ती याच महिन्यांत. गवतातून दहा फूट आत घेतलेली गाडी कशावरून गेली, हे आत बसलेल्याला कळतही नाही.

उजाड माळावर गाडी फिरवली तर काय बिघडते?

प्रश्न रास्त आहे, कारण वरच्या अंगाचा बराचसा भाग उन्हाळ्यात खरोखर उजाड दिसतो. बीडचे क्षेत्र १०,६९३ चौरस किलोमीटर आणि जंगल जेमतेम दोन-तीन टक्के. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९च्या दुष्काळात इथली गावे टँकरवर जगली. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसे निघतात, ती जमिनीत पाणी टिकत नाही म्हणून.

म्हणूनच डोंगरउतारांवर सलग समतल चर खोदलेले दिसतात. उतारावरून धावणारे पाणी अडवून जिरवायचे हे त्यांचे काम. गाडीने चराची भर एका ठिकाणी मोडली की साठलेले पाणी तिथूनच फुटते. उताराच्या दिशेने उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात ओघळ होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत घळ. गावाने श्रमदानाने केलेले काम एका गाडीच्या मागून वाहून जाते. आडवा उतार सोडून सरळ वर चढण्याचे जे व्हिडीओ समाजमाध्यमांवर गाजतात, त्यांत ही चाकोरी स्पष्ट दिसते. पाहणारे मात्र गाडीच बघतात.

उजाड माळ पुन्हा उभा करायला काय लागते, ते बीडजवळ पालवणच्या डोंगरावर पाहता येते. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने तिथे सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये वृक्षसंमेलनही भरले. या मार्गावर तासभर थांबावे अशी ही जागा आहे.

जायचे कधी?

ऑक्टोबर ते डिसेंबर. काळे रान वाळलेले असते, गवत अजून हिरवे-पिवळे असते आणि डोंगरात सीताफळे पिकलेली असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. रस्त्याकडेला पाटीत घेऊन बसलेल्या बायकांकडून ती घ्यावीत, रानातून ओरबाडू नयेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पण तेव्हा वाळलेल्या गवताला वणव्याची भीती असते. तापलेली गाडी उंच गवतात उभी करणे त्या दिवसांत धोक्याचे.

भर पावसाळ्यात सिंदफणा, बिंदुसरा आणि असंख्य ओढ्यांवरचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचे, गाडी कितीही उंच असो. दोन गाड्या सोबत असाव्यात, दोर आणि फावडे असावे, माथ्यावर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते हे धरून चालावे. अंधार पडण्याआधी डांबरी रस्त्याला लागावे. आष्टी तालुक्यात नोव्हेंबर २०२०मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले होते. तेव्हापासून संध्याकाळी रानात अनोळखी गाडी थांबलेली दिसली तर गावकरी काळजीने चौकशी करतात.

शेवटच्या टप्प्यात काय दिसते?

पाटोद्याच्या पुढे सपाट पठारावरून जाताना डोंगर संपला की काय असे वाटू लागते. मग अचानक जमीन तुटते. सौताड्याला विंचरणा नदी काळ्या पाषाणाच्या कड्यावरून खोल दरीत कोसळते, खाली रामेश्वराचे मंदिर आहे आणि दरीत दाट झाडी. कड्याच्या टोकाला शेवाळ असते, तिथून लांब राहावे. दरीत उतरायचे ते पायीच.

आणखी एक गंमत इथे आहे, ती नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा पूर्वेकडे वाहत जाऊन सव्वासातशे किलोमीटरनंतर गोदावरीला मिळते. विंचरणा मात्र जामखेडच्या अंगाला उतरून सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. सकाळी गोदावरीच्या वाळूवरून निघालेली गाडी संध्याकाळी कृष्णेच्या खोऱ्यात उभी असते. मधली पाणलोटाची रेघ नेमकी कुठे ओलांडली, ते पवनचक्क्यांच्या त्या सपाट माळावर कुणाच्या लक्षातही येत नाही.