पाण्याला परतीची वाट

सहा मीटर लांबीची उघडी फायबरची होडी जेटीला बांधलेली आहे. पावसाला मोकळी अशी तिची जागा नऊ चौरस मीटर धरू. आषाढातल्या झडीत कोकणात दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस पडला तर कुणी आश्चर्य करत नाही. तेवढ्या एका दिवसात होडीत 900 लिटर पाणी साठतं. हे नऊशे किलो वजन एका जागी बसतही नाही. होडी जरा कलली की सगळं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तळ लांबीच्या दिशेने उभ्या फळीने मधोमध विभागला, तर प्रत्येक भागात तो आठव्या हिश्श्यावर येतो आणि दोन्ही भाग मिळून चौथ्या हिश्श्यावर.

लहान होडीत पाणी येणारच. पाऊस, लाटेचा शिडकावा, ओलं जाळं, बर्फाचं वितळलेलं पाणी, सांध्यांतली झिरप, यांतलं काहीच पुरतं थांबवता येत नाही. म्हणून निचऱ्याचा विचार आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक वेळा तो होडी पाण्यात उतरल्यावर, पंप विकत घेताना सुरू होतो. तोवर खूप उशीर झालेला असतो.

निचऱ्याचं सगळ्यांत साधं उत्तर तमिळ किनाऱ्यावरच्या कट्टुमरममध्ये दिसतं. ओंडके शेजारी शेजारी बांधलेले. वरून आलेली लाट त्यांच्या फटींतून खाली उतरते. पंप नाही, झडप नाही, उपसणं नाही. मात्र माणूस सतत भिजतो आणि मासळी कोरडी ठेवायला जागा नसते. कोरडेपणा हवा असेल तर पोकळ होडी हवी, आणि पोकळ होडी आली की पाणी अडकणं आलं.

या पेचावर सर्वांत कसून विचार झाला तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक नौकांसाठी. 1849 मध्ये साउथ शील्ड्स इथे ‘प्रॉव्हिडन्स’ नावाची जीवरक्षक नौका उलटली आणि तिच्यावरच्या 24 जणांपैकी 20 बुडाले. त्यानंतर नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने चांगल्या आराखड्यासाठी 100 गिनींचं बक्षीस लावलं. 280 प्रवेशिका आल्या. 1851 मध्ये ते बक्षीस ग्रेट यारमथच्या जेम्स बीचिंगला मिळालं. पुढे जेम्स पीक यांनी त्या कल्पनेवर आणखी काम केलं. उलटलेली नौका आपोआप सुलटी होते याचंच कौतुक बहुतेकांना वाटतं. मला त्याइतकीच मोलाची वाटते ती तिच्या निचऱ्याची रचना. आतला तळ समुद्राच्या पातळीच्या वर आणि पाणबंद. त्यातून खालच्या तळापर्यंत आरपार गेलेल्या रुंद नळ्या. नळ्यांना फक्त खाली उघडणाऱ्या झडपा. लाट आत कोसळली की पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा उंचावर राहतं आणि आपल्याच वजनाने निघून जातं. वल्हवणाऱ्यांना वल्हं सोडावं लागत नाही. हीच कल्पना आज हलक्या कायाकपासून शिडाच्या यॉटपर्यंत दिसते.

या रचनेचा सगळा भार एका मापावर आहे: आतला तळ भरल्या होडीच्या जलरेषेपेक्षा किती वर आहे. हे माप रिकाम्या होडीवर घेतलं की घोटाळा होतो. पाण्याच्या पातळीला होडीचं क्षेत्रफळ सात चौरस मीटर असेल, तर सुमारे 70 किलो वजनाने ती एक सेंटिमीटर खाली बसते. रिकाम्या होडीत तळ पाण्याच्या दहा सेंटिमीटर वर ठेवला, तर 700 किलो मासळी, माणसं आणि बर्फ चढताच तो समुद्राच्या पातळीला येतो आणि निचऱ्याची भोकं पाणी आत घ्यायला लागतात. तळ हवा तितका वर उचलावा, तर वजनही वर जातं, होडी डोलते आणि कठडा माणसाच्या गुडघ्याखाली राहतो. मधला मार्ग काढणं हेच आराखडा करणाऱ्याचं खरं काम.

दुसरं माप भोकाचं. कॉकपिटच्या, म्हणजे होडीतल्या बसायच्या खोलगट जागेच्या, निचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 11812 मध्ये, गोल भोकाचा व्यास किमान 25 मिलिमीटर सांगितला आहे. ती खालची मर्यादा आहे, शिफारस म्हणून ती वाचू नये. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद कॉकपिटमध्ये 30 सेंटिमीटर पाणी भरलं, म्हणजे 900 लिटर, तर 25 मिलिमीटरच्या दोन भोकांतून ते जायला माझ्या हिशेबाने सुमारे 21 मिनिटं लागतात. तीच भोकं 75 मिलिमीटरची केली तर सव्वादोन-अडीच मिनिटं. व्यास तिप्पट, वाट नऊपट. पाण्याची उंची दुप्पट केली तरी वेग जेमतेम दीडपटीच्या आसपास जातो. शिवाय मोठ्या भोकात खवले, दोऱ्याचे तुकडे, प्लास्टिकची पिशवी सहसा अडकत नाही. जाळी बसवण्याचा मोह टाळावा; जाळीच आधी तुंबते.

चालत्या होडीला आणखी एक सोय मिळते. डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम, 1948 ते 1960 या चार ऑलिंपिकमध्ये लागोपाठ सुवर्णपदकं जिंकणारा शिडवाला, त्याच्या नावाने ओळखला जाणारा बेलर, म्हणजे पाणी उपसणारी झडप, तळाखाली छोट्या चोचीसारखा उघडतो. बाहेरून वेगाने सरकणारं पाणी आतलं पाणी ओढून घेतं. स्पर्धेच्या डिंगीला तो उत्तम आहे. मासेमारीच्या होडीला मी तो सुचवणार नाही: वाळूवर ओढताना वाकतो आणि वेग मंदावला की उलटा वाहतो. तिथे मागच्या फळीला लावलेली रबरी कापडाची रुंद सोंड बरी. थांबताना दोरीने वर बांधायची, वेग घेतला की सोडायची. फाटली तर चप्पल शिवणाराही दुरुस्त करू शकेल.

जुन्या लाकडी होड्यांत पाण्याला सखल जागी नेण्यासाठी वाकांना, म्हणजे तळावरच्या फासळ्यांना, खाली छोट्या खाचा ठेवतात. त्या गाळाने बुजतात आणि पाणी ठिकठिकाणी साचून लाकूड कुजतं. पाश्चात्त्य सुतारांनी त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: सगळ्या खाचांतून एक बारीक साखळी ओवून ठेवायची आणि अधूनमधून दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढायची. फायबरच्या होडीत साखळीऐवजी नायलॉनची दोरी चालेल. तळाच्या फळ्या मात्र उचलता आल्या पाहिजेत. जिथे हात पोचत नाही, तिथली साफसफाई होत नाही.

एवढं झाल्यावर पंप. तो हवाच, पण शेवटचा आधार म्हणून. खोक्यावरचा तासाच्या गॅलनचा आकडा बहुधा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. वळणदार, आतून खडबडीत नळी आणि उतरती बॅटरी यांनी तो बराच खाली येतो. तरंगता स्विच खवले आणि तेलकट गाळाने अडकतो: एक तर सुरू होत नाही, नाहीतर बंद होत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. बाहेरचं तोंड जलरेषेच्या बरंच वर ठेवावं, कारण ते पाण्याखाली गेलं तर थांबलेल्या पंपातून समुद्रच आत येऊ लागतो. जलरेषेखाली 30 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं एक भोक मिनिटाला सुमारे 43 लिटर पाणी आत घेतं. म्हणून तिथे जितकी कमी भोकं, तितकं बरं. हातपंप आणि बादली तर असावीच.

आहे त्या होडीत सुधारणा करायची तर पश्चिम किनाऱ्यावरची 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी हाच काळ. होडी वर ओढली की बूच काढावं, नाळेकडची बाजू उंच करावी, म्हणजे पाऊस मागून वाहून जाईल. बूच आणि त्याची बैठक पितळेची असेल तर नखाने नव्हे, टोच्याने तपासावी. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, वरून शाबूत दिसणारा धातू आतून ठिसूळ होतो. कांस्य किंवा चांगलं प्लास्टिक बरं. मागच्या फळीत नवं भोक पाडायचं असेल, तर आत प्लायवूड आहे का ते पाहावं. असेल तर भोक आधी हव्या मापापेक्षा मोठं पाडावं, लाकूड वाळू द्यावं, इपॉक्सीने भरावं आणि ती घट्ट झाल्यावर तिच्यातूनच हव्या मापाचं भोक पाडावं, म्हणजे पाणी लाकडाला लागत नाही. पावसाळी हवेत प्लायवूड लवकर वाळत नाही. तेव्हा मोठं भोक मेच्या अखेरीस, होडी ओढल्याबरोबर, ऊन असतानाच पाडून ठेवावं.