पहिली मिस इंडिया नेमकी कोण? उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर!

इन्स्टाग्रामवरची एक रील सांगते, पहिली मिस इंडिया म्हणजे १९४७ ची प्रमिला. दुसरी पोस्ट म्हणते, नाही, १९६४ ची मेहेर कॅस्टेलिनो. मग कमेंटमध्ये वाद सुरू. खरं कोण बोलतंय? दोघंही.

हा गोंधळ झाला कसा?

‘मिस इंडिया’ हा किताब सुरुवातीपासून कुणा एकाच संस्थेच्या ताब्यात नव्हता. वेगवेगळ्या आयोजकांनी वेगवेगळ्या काळात स्पर्धा घेतल्या आणि नाव तेच वापरलं.

प्रमिला यांचं खरं नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातल्या. १९४७ मध्ये किताब मिळाला, तेव्हा त्या हिंदी सिनेमातल्या ओळखीच्या अभिनेत्री होत्या आणि त्यांचं लग्नही झालेलं होतं.

१९५२ मध्ये मिस युनिव्हर्स स्पर्धा पहिल्यांदाच अमेरिकेत लाँग बीचला भरली. तिथे भारताकडून गेल्या शास्त्रीय नृत्यांगना इंद्राणी रहमान. त्याही विवाहित होत्या, एका मुलीची आई होत्या.

मग मासिकं आली

साठच्या दशकात मुंबईच्या ‘फेमिना’ मासिकाने स्वतःची स्पर्धा सुरू केली. १९६४ मध्ये मेहेर कॅस्टेलिनो, तेव्हाच्या मेहेर मिस्त्री, पहिल्या फेमिना मिस इंडिया ठरल्या. दुसरीकडे ‘ईव्ह्ज वीकली’ हे साप्ताहिकही आपली मिस इंडिया निवडत होतं.

त्यामुळे १९६६ मध्ये देशाला दोन मिस इंडिया मिळाल्या. फेमिनाच्या यास्मिन दाजी मिस युनिव्हर्सला गेल्या. ईव्ह्ज वीकलीच्या रिटा फारिया मिस वर्ल्डसाठी लंडनला गेल्या आणि थेट जिंकूनच आल्या.

मिस वर्ल्ड झालेल्या त्या पहिल्या आशियाई महिला. मुंबईत वाढलेल्या या गोवेकर कुटुंबातल्या मुलीचं तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिक्षण सुरू होतं. पुढे ग्लॅमरच्या दुनियेत न रमता त्या डॉक्टर झाल्या.

पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ईव्ह्ज वीकलीचा किताब नकी जहाँ यांना मिळाला. त्या कोण? प्रमिला यांची मुलगी!

हे आज का माहीत असावं?

कारण पुढे ‘लग्न झालेलं नको, मूल नको’ हा नियम इतका रुळला की तो पहिल्यापासूनच असावा असं आपल्याला वाटतं. मिस युनिव्हर्सने विवाहित महिला आणि मातांना २०२३ च्या स्पर्धेपासून प्रवेश दिला, तेव्हा ‘ऐतिहासिक निर्णय’ म्हणून बातम्या झाल्या. पण भारताने या स्पर्धेला पाठवलेली पहिलीच स्पर्धक एक आई होती, हे त्या बातम्यांच्या गर्दीत फारसं कुणाला आठवलं नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘पहिली मिस इंडिया’ची पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी एवढंच बघा: कुठल्या स्पर्धेची पहिली?